काइंडली स्टॉप टू पार्क हिअर

मसुदेकाकांचं आडनाव मसुदे नव्हतं. विमा कंपनीच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी इंग्रजी पत्रांचे मसुदे करण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून त्यांनी तोच उद्योग घरबसल्या चालू ठेवला, म्हणून इमारतीत त्यांना हे नाव पडलं. ते इतकं घट्ट बसलं की एकदा कुरिअरवाला त्यांच्या खऱ्या आडनावाचं पाकीट घेऊन आला, तर समोरच्या बिऱ्हाडाने “असं इथे कोणी राहत नाही” म्हणून त्याला खालच्या खाली परत पाठवलं. काकांनी त्यावर कुरिअर कंपनीला तीन परिच्छेदांचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. काकांच्या पत्रांना सहसा उत्तर येत नसे, आणि याचा अर्थ समोरचा निरुत्तर झाला असाच ते घेत.

तर, इमारतीच्या समोर फर्निचरचं भलंमोठं दुकान उघडलं आणि सगळं बिनसलं. दुकानात येणारं गिऱ्हाईक खुर्चीत बसून बघतं, पलंगावर लोळून बघतं, नवरा-बायकोचं रंगावरून वाजतं, मग ते मिटतं. हे सगळं होईपर्यंत त्यांची गाडी उभी कुठे? तर इमारतीच्या फाटकासमोर, सोसायटीच्या मालकीच्या मोकळ्या जागेत. पाण्याचा टँकर फाटकापर्यंत आला, हॉर्न वाजवून दमला आणि भरलेला परत गेला. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात येऊन विचारलं, “या सोसायटीला सेक्रेटरी आहे की नाही?”

हे काकांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी लगेच कमिटी बोलावली.

“‘नो पार्किंग’ असा बोर्ड लावा आणि मोकळे व्हा,” तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. ते खजिनदार होते. दातांच्या डॉक्टरांना काय, कुठलीही गोष्ट उपटून मोकळं व्हायची सवय असते.

“‘नो पार्किंग’ला तुम्ही वाक्य म्हणता?” काका म्हणाले. “क्रियापद कुठे आहे त्यात? डॉक्टर, जगात ‘नो पार्किंग’ची पाटी नाही असं फाटक दाखवा. आणि जिच्यासमोर गाडी नाही अशी पाटी दाखवा. का? तर ती वाचून माणसाला कोणी काही सांगितल्यासारखं वाटतच नाही. माणसाला वाक्य लागतं. सभ्य, पूर्ण, क्रियापदासकट.”

कमिटीत आणखी चौघं होती, पण त्यांना घरी जायचं होतं. काकांच्या मसुद्याला हरकत घेतली की बैठक लांबते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ठराव एकमताने पास झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई मुलांना इंग्रजी शिकवत. त्या कमिटीवर होत्या, पण त्यांच्या शिकवण्या चालू होत्या म्हणून आल्या नाहीत. पुढच्या सगळ्या रामायणाला त्या दिवशीच्या त्यांच्या शिकवण्याच जबाबदार आहेत, असं काकांचं अजूनही मत आहे.

काकांनी मसुदा केला. आता सांगायला हरकत नाही, की त्यांनी पहिल्यांदा ‘स्टॉप पार्किंग हिअर’ असंच लिहिलं होतं. पण ते त्यांना उद्धट वाटलं, कोणीतरी खेकसल्यासारखं. मग त्यांनी त्यात एक ‘टू’ घातला. ‘टू’ घातला की वाक्याला कशी इस्त्रीची घडी पडते. शिवाय त्यामागे तर्क होता. ‘इट स्टार्टेड टू रेन’ म्हणतात ना? मग ‘स्टार्ट’च्या पुढे जर ‘टू’ चालतो, तर ‘स्टॉप’च्या पुढे का चालू नये? एकाच घरातले दोघे भाऊ. एकाला ताटात वाढायचं आणि दुसऱ्याला नाही, हा कुठला न्याय?

शेवटचा मसुदा असा झाला: ‘डिअर मोटरिस्ट्स, काइंडली स्टॉप टू पार्क हिअर. बाय ऑर्डर, सेक्रेटरी.’

पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याने तो मोठ्या पत्र्यावर काढला. त्याच्याकडचा लाल रंग संपला होता, म्हणून त्याने निळ्यावर पांढरी अक्षरं काढली. खाली थोडी जागा उरली, तिथे त्याने फाटकाकडे जाणारा एक झोकदार बाण काढला.

“हा बाण कशाला?” काकांनी विचारलं.

“जागा उघडी राहिली होती, काका. बोडकी दिसत होती.”

बाण देखणा होता. काकांनी राहू दिला.

बोर्ड लागला आणि काका गॅलरीत उभे राहून परिणामाची वाट बघू लागले. पहिली गाडी आली, बोर्डापाशी हळू झाली. चालवणाऱ्या गृहस्थांनी काच खाली करून बोर्ड वाचला, मान डोलावली आणि बाणाच्या दिशेने सरळ आत येऊन गाडी लावली. काका धावत खाली गेले. पण त्यांनी तोंड उघडायच्या आतच गृहस्थ म्हणाले, “हल्ली असं अगत्याने कोण बोलावतं हो? नाहीतर जिथे जावं तिथे ‘नो पार्किंग, नो पार्किंग’. फार बरं वाटलं.”

हा माणूस टोमणा मारतोय असं काकांना वाटलं. टोमण्याला काय उत्तर द्यावं याचा मसुदा मनात तयार होईपर्यंत गृहस्थ दुकानात गेले होते. दुसऱ्या गाडीतल्या बाईंनी काकांच्या हातात किल्लीच दिली. “मागे घ्यावी लागली तर घ्या, मला वेळ लागेल,” म्हणाल्या. काकांना गाडी चालवता येत नव्हती. ते किल्ली हातात धरून एका जागी तीनदा फिरले आणि वर निघून आले. दुपारी दुकानाचा मॅनेजर शोभेच्या झाडाची कुंडी घेऊन दारात हजर. “आमच्या मालकांकडून. तुमच्या सोसायटीने जी माणुसकी दाखवली—”

“कुंडी कुठे ठेवू?” काकूंनी विचारलं.

“माझ्या डोक्यावर ठेव,” काका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. गॅलरी, जिना, फाटक; फाटक, जिना, गॅलरी. चहा पुढे आला तरी उभ्यानेच, आणि तोही अर्धा. जास्त गाड्या आल्या की ते बोर्ड पुन्हा वाचायचे. वाक्य तर खणखणीत होतं! लोक इतके निर्ढावलेत की चक्क सभ्य इंग्रजीलाही जुमानत नाहीत?

शेवटी शिकवणीवाल्या बाई आल्या. त्यांना स्कूटर आत घ्यायला जागा नव्हती. ती रस्त्यावरच लावून त्यांनी बोर्ड वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“काका, हा बोर्ड कोणाचा?”

“सोसायटीचा. मसुदा माझा.”

“तुम्हाला लोकांना बोलवायचंय का?”

“हाकलायचंय!”

“मग हे आमंत्रण कशाला लावलंय?” बाई म्हणाल्या. शिकवायची सवय असल्यामुळे त्या अगदी सावकाश बोलत होत्या, आणि ते काकांना जास्तच झोंबत होतं. “‘स्टॉप पार्किंग’ म्हणजे गाड्या लावणं थांबवा. आणि ‘स्टॉप टू पार्क’ म्हणजे थांबा, कशासाठी, तर गाडी लावण्यासाठी. ‘कृपया गाडी लावण्याकरिता येथे थांबावे.’ तुमच्या एका ‘टू’नं धचा मा केलाय.”

“हा तुमचा अर्थ झाला.”

“माझा नाही. ज्यांच्या गाड्या आत आहेत त्यांनीही तोच घेतला ना?”

“‘स्टार्ट टू’ चालतं, मग—”

“काका, हा तर्काचा प्रश्न नाही. काही क्रियापदांचं ‘टू’शी जमतं, काहींचं ‘आयएनजी’शी जमतं, आणि काहींचं दोघांशी जमतं, पण दोन्ही घरी वेगळंच वागतात. नियम पाठ करू नका. खरी वाक्यं बघा. छापलेली, बोललेली. लोक ‘स्टॉप’च्या पुढे काय ठेवतात आणि त्यातून काय होतं, ते बघत चला.”

“बघतो!” काका म्हणाले. सूर होता ‘तुम्हालाही बघतो’ असा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात झडती सुरू झाली. कपडे धुण्याच्या मशिनची पुस्तिका निघाली, मिक्सरची निघाली, जुनी वर्तमानपत्रं माळ्यावरून खाली आली. काकूंच्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद काकांनी भिंग लावून वाचला. त्यात होतं, ‘स्टॉप टेकिंग द टॅब्लेट्स’.

“हं. औषध कंपन्यांना भाषेचं सोयरसुतक नसतं,” काका म्हणाले आणि कागद बाजूला टाकला.

मग त्यांनी परगावी नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला. तिचा दिवसभर इंग्रजीशी संबंध.

“एक वाक्य सांग. कुठलंही. ‘स्टॉप’ने सुरू होणारं. अगदी सहज, मनात येईल ते.”

“बाबा, मी मीटिंगमध्ये आहे.”

“म्हणूनच! तिथे काय बोलतात?”

मुलगी म्हणाली, “‘स्टॉप कॉलिंग मी ॲट वर्क.’”

“म्हणजे इथेही ‘आयएनजी’च,” काका म्हणाले, आणि ते वाक्य आपल्याला उद्देशून होतं हे त्यांच्या लक्षात यायच्या आत फोन बंद झाला.

पण दुपारी जुन्या वर्तमानपत्राच्या ढिगात त्यांना घबाड सापडलं. ते पान घेऊन ते जिना एका दमात चढून गेले. बाईंची शिकवणी चालू होती. आठ-दहा मुलं वह्यांतून मान वर करून बघू लागली.

“घ्या!” काका धापा टाकत म्हणाले. “छापील. मोठ्या वर्तमानपत्रात. ‘द मिनिस्टर स्टॉप्ड टू ग्रीट द चिल्ड्रन.’ ‘स्टॉप्ड टू’! आता बोला.”

बाईंनी पान हातात घेतलं. “छान वाक्य आहे. मला सांगा, मंत्र्यांनी मुलांना नमस्कार केला की नाही?”

“केला ना. हे काय, फोटो आहे. हात हलवतायत.”

“‘स्टॉप्ड ग्रीटिंग’ असतं तर?”

“तर हात खाली—” काका म्हणाले, आणि एकदम थांबले.

एका मुलीने हळूच वहीत काहीतरी लिहून घेतलं. मंत्री थांबले, गाडीतून उतरले आणि हात हलवला. मोटरिस्ट थांबले, बाण बघितला आणि गाडी लावली. मंत्र्यांनी काहीही चूक केली नव्हती. मोटरिस्टांनीही नाही. काकांनी पानाची घडी घातली, ती नीट बसेना, पुन्हा घातली, आणि “ठीक आहे” एवढंच म्हणून ते जिना उतरले. उतरताना प्रत्येक पायरी त्यांना नवीन वाटत होती.

आता इथेच सगळं निस्तरलं असतं. काकांनी रंगाऱ्याला फोन करून सांगितलं की ‘टू’ खोड आणि ‘पार्क’च्या पुढे तीन अक्षरं घाल. कारण विचारू नकोस. रंगारी आला, शिडी लावली, ब्रश निळ्या रंगात बुडवला, आणि नेमका त्याच वेळी नगरपालिकेचा निरीक्षक फाटकाशी स्कूटरवरून उतरला. माणसाची वेळ फिरली की ती स्कूटरवर बसूनसुद्धा येते.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी कोणा एकाच्या गाडीला आत ओरखडा पडला होता. त्याने नगरपालिकेत तक्रार केली होती, की सदर वाहनतळावर राखणदार नाही.

“वाहनतळ? कुठला वाहनतळ?” काका म्हणाले.

निरीक्षकाने बोर्डाकडे बोट दाखवलं. “हा काय. निळा बोर्ड. बाण. ‘काइंडली’ म्हणून निमंत्रण. खाली सेक्रेटरी. परवाना दाखवा.”

“अहो, ते चुकून— म्हणजे चुकून नाही, शब्दरचनेच्या दृष्टीने त्यात थोडा— आम्ही आत्ता दुरुस्तच करतोय.”

“ए, ब्रश खाली!” निरीक्षक रंगाऱ्यावर ओरडला. “पुराव्यात फेरफार करायचा नाही. सुनावणी होईपर्यंत बोर्ड काढायचा नाही, झाकायचा नाही, पुसायचा नाही.” त्याने चार बाजूंनी फोटो काढले. बाणाचा वेगळा काढला. “आणि तोपर्यंत वाहनतळाचे नियम पाळायचे. वाळूच्या बादल्या, दिवा, आणि एक राखणदार. नाहीतर फाटकाला सील लागेल.”

“पण वाहनतळच नाही तर राखणदार कशाचा?”

“ते सुनावणीत सांगा,” म्हणून निरीक्षक गेला. जाताना त्याची स्कूटर काढायला काकांना दोन गाड्यांच्या मधून वाट करून द्यावी लागली.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. बोर्ड तसाच, गाड्या येतच होत्या, आणि आता त्यांना अडवायचीही चोरी, कारण अडवलं तर लोक बोर्ड दाखवत. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. डॉक्टर म्हणाले, दुकानदारावर केस करा. चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, बोर्डाला वेल चढवा. वेल झाकतो, आपण नाही. मधल्या मजल्यावरच्या एका वहिनींनी सुचवलं की एवीतेवी गाड्या लागतातच, तर रीतसर वाहनतळच काढू. त्यांच्याकडे काकांनी असं बघितलं की त्या पिशवी घेऊन भाजीलाच गेल्या.

राखणदार व्हायला कोणी तयार होईना. “बोर्डावर सही कोणाची आहे?” असं डॉक्टरांनी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून काका वाळूच्या बादल्यांशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. बसू लागले म्हणजे काय, बसवेना. उठायचे, बादल्या सरळ करायचे, वाळूतली काडी काढायचे, पुन्हा बसायचे. डॉक्टरांनी कुठूनशी एक शिट्टी आणून दिली. ती वाजवायची नाही असं काकांनी ठरवलं होतं, पण एक गाडी मागे घेताना बादल्यांवर येतेय असं बघून ती आपोआप तोंडात गेली आणि जोरात वाजली. “येऊ द्या, येऊ द्या, बास!” हे शब्द आपल्या तोंडून येताना ऐकून काकांनाच धक्का बसला.

आणि त्याच गाडीतून कोण उतरावं? तर त्यांच्या कचेरीतला जुना हाताखालचा कारकून. ज्याचे मसुदे काका लाल रेघा मारून परत पाठवायचे तोच. आता त्याच्या पोटावर सुबत्ता आणि डोळ्यांवर गॉगल होता.

“साहेब? तुम्ही इथे?” तो म्हणाला. मग त्याची नजर शिट्टीवर गेली, बादल्यांवर गेली, आणि बोर्डावर जाऊन थांबली. त्याने बोर्ड सावकाश वाचला. “मसुदा तुमचाच ना, साहेब? वळण ओळखलं.”

तो खरंच आदराने म्हणाला की कसं, हे काकांना अजूनही कळलेलं नाही. जाताना त्याने खिशात हात घातला, क्षणभर घोटाळला आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला. काकांना तो रिकामा हात भरलेल्या हातापेक्षा जास्त लागला. घरी येऊन त्यांनी शिट्टी कपाटात खाली, चादरींच्या मागे ठेवली, आणि जेवले नाहीत.

इकडे टँकर तिसऱ्यांदा परत गेला. इमारतीत बादल्या-कळशा घेऊन लोक शेजारच्या इमारतीत पाण्याला जाऊ लागले आणि परतताना फाटकावरच्या काकांकडे न बघता जाऊ लागले. न बघता जाण्याचं एक ठरावीक वजन असतं, ते काकांच्या मानेवर साठत गेलं. काकूंचे गुडघे दुखत होते, पण त्याही कळशी घेऊन जात. काकांनी “मी आणतो” म्हटलं, तर म्हणाल्या, “तुम्ही राखण करा.”

सुनावणीचा दिवस आला. काका एकटेच निघाले होते, पण काकूंनी चपला पायात घातल्या. “तुम्ही तिथे मसुदा करत बसाल,” म्हणाल्या, “मी येते.”

त्यांचं खरं होतं. वाहनतळ विभागाच्या बाकड्यावर बसल्या बसल्या काकांनी तीन मसुदे केले. पहिल्यात त्यांनी लिहिलं की सदर वाक्याच्या अर्थाबाबत जाणकारांत दुमत संभवते. दुसऱ्यात दोष रंगाऱ्याच्या लाल रंगावर गेला. तिसऱ्यात दोष कोणाचाच नव्हता. ‘परिस्थितीजन्य’ असा एक शब्द होता. काकू शेजारी बसून छताकडे बघत होत्या.

साहेब वयाने तरुण होते आणि त्यांच्या टेबलावर फायलींचा असा डोंगर होता की ते मान उंच करून बोलत. त्यांनी तिन्ही मसुदे वाचले, एकावर एक ठेवले आणि परत दिले.

“हे बघा, काका. दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तुम्ही वाहनतळ चालवताय, परवान्याशिवाय. नाहीतर तुमचं इंग्रजी चुकलंय. चुकलं असेल तर तसं लिहून द्या. बोर्ड आजच काढायची परवानगी देतो. मधलं काही नाही.”

काकांच्या कानशिलाशी गरम झालं. सगळी हयात! हजारो पत्रं! त्या सगळ्यांच्या खाली आता ‘माझं इंग्रजी चुकलं’ ही सही करायची?

“वाहनतळाच्या परवान्याला काय काय लागतं?” त्यांनी विचारलं.

साहेबांनी मान आणखी उंच केली. काकूंनी पिशवी जमिनीवर ठेवली.

“अहो,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण बाजूच्या टेबलावरचा टायपिंगचा आवाज थांबला. “तुमच्यापायी चौथ्या मजल्यावरचे आजोबा काल दुसऱ्याच्या नळावर भांडं धरून उभे होते. माझे गुडघे गेले ते सोडा. तुमचं एक अक्षर खाली उतरू नये म्हणून अख्खी इमारत जिने उतरतेय आणि चढतेय.” मग त्या साहेबांकडे वळल्या. “ते देतील लिहून. इंग्रजीत लिहिलं तर चालेल ना?”

“कुठल्याही भाषेत लिहा,” साहेब म्हणाले.

काकूंनी काकांच्या हातात पेन दिलं. इंग्रजीत, म्हटल्यावर काकांची पाठ थोडी ताठ झाली. निदान मसुदा तरी होता. त्यांनी ‘आय रिग्रेट’ लिहिलं आणि सवयीने पुढे ‘टू’ची रेघ ओढणार, तोच हात अडला.

‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू.’ हे वाक्य त्यांनी नोकरीत किती वेळा लिहिलं असेल याला गणती नव्हती. वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू की आपला दावा मंजूर होऊ शकत नाही. पेन हवेत धरून काका त्या वाक्याकडे पहिल्यांदाच, शिकवणीवाल्या बाईंनी सांगितलं तसं, बघू लागले. यातून होतं काय? आधी दिलगिरी, मग कळवणं. म्हणजे कळवतोय याबद्दल ते दिलगीर होते. जे केलं त्याबद्दल नव्हेच. सगळी नोकरी ते फक्त कळवण्याची दिलगिरी व्यक्त करत आले होते. केल्याची दिलगिरी त्यांच्या हातून एकदाही लिहिली गेली नव्हती. त्यासाठी दुसरं वळण लागतं, ते त्यांना कधी लागलंच नव्हतं.

काका उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी लिहिलं: ‘आय रिग्रेट पुटिंग अप धिस बोर्ड. द इंग्लिश वॉज राँग. द मिस्टेक वॉज माइन.’ तिन्ही वाक्यं बुटकी होती. एकालाही इस्त्री नव्हती.

साहेबांनी वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “‘रिग्रेट पुटिंग’? ‘रिग्रेट टू पुट’ असं पाहिजे ना? आमच्या सगळ्या पत्रांत ‘रिग्रेट टू’ असतं. तेवढं दुरुस्त करा, वर फाइल जाते.”

काकू घाबरून काकांकडे बघू लागल्या. एवढ्या मिनतवारीने बाहेर आलेलं वाक्य, आणि आता तेही चुकलं म्हणतात! आता हे उठून परवान्याचा अर्ज मागणार, अशी त्यांची खात्री झाली.

पण काका शांतपणे म्हणाले, “नाही, साहेब. हे ‘पुटिंग’च पाहिजे. ‘टू पुट’ लिहिलं तर अर्थ असा होतो, की मी आता आणखी एक बोर्ड लावणार आहे, आणि त्याबद्दल मला आधीच वाईट वाटतंय.”

साहेबांनी काकांकडे बघितलं, निळ्या बोर्डाच्या फोटोकडे बघितलं, फायलींच्या डोंगराकडे बघितलं.

“आणखी बोर्ड नको,” ते घाईने म्हणाले, आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर काकांनी डॉक्टरांना फोन करून फाटकावरचा बोर्ड उतरवायला सांगितलं, आणि टँकरवाल्यालाही कळवलं. फोनवर ते मोजकंच बोलले. नगरपालिकेच्या पायऱ्या उतरताना काकूंनी गुडघ्यासाठी त्यांच्या खांद्याचा आधार घेतला होता.

“शेवटी नक्की काय लिहिलंत?” त्यांनी विचारलं.

“बोर्ड लावला, त्याचं वाईट वाटतं. चूक माझी.”

“एवढंच?”

“एवढंच. पण वळण महत्त्वाचं आहे. ‘रिग्रेट’च्या पुढे ‘आयएनजी’. म्हणजे जे करून बसलो त्याचं.” काकांना आता जरा हुशारी वाटू लागली होती. “उपयोगी वळण आहे. मी उगाच इतकी वर्षं वापरलं नाही.”

“आणि ते बोर्डालाच लागतं, की आणखी कशालाही लावता येतं?”

“कशालाही. माणसाने जे जे म्हणून केलं असेल, त्या प्रत्येकाला लावता येतं.”

“असं?” काकू म्हणाल्या आणि त्यांनी खांद्यावरची पकड जरा घट्ट केली. “मग घरी चला. मी एकेक सांगते, तुम्ही लिहून काढा.”